मेमध्ये पाणी, जुलैत भिंत: नाशिकजवळचं डोंगरगाव राहायला निवडताना

नाशिकहून उठून डोंगरातल्या लहान गावात राहायला जायचं ठरलं, की बहुतेकजण गाव बघायला सप्टेंबरात जातात. पाऊस ओसरलेला असतो, भात पोटरीला आलेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि उन्हाला धार नसते. त्या पंधरवड्यात सह्याद्रीतलं कुठलंही गाव आवडतं, म्हणूनच तो पंधरवडा निवडीसाठी निरुपयोगी आहे. आम्ही दोघांनी इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि जव्हार ही चार गावं पाहिली ती प्रत्येकी दोनदा. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा जुलैच्या मध्यावर. मेमध्ये पाण्याचं खरं कळतं, जुलैत घराचं. भाडं, बस, दवाखाना, नेटवर्क हे सगळं या दोन फेऱ्यांतच पाहून होतं. सापुतारा यादीतून आधीच काढलं, कारण ते गुजरातेत. रेशनकार्डापासून गाडीच्या नोंदणीपर्यंत राज्य बदलण्याचा व्याप स्वस्त घराच्या हिशोबात बसत नाही.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ४५ किलोमीटरवर, इगतपुरीत, ३,००० च्या पुढे. समुद्राकडचा वारा सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिता होतो. नाशिकला पोचेपर्यंत ढगात फारसं उरलेलं नसतं. त्यामुळे नाशिककराला पावसाची सवय असते, झडीची नसते. पाऊस वरून खाली पडतो असं आपण धरून चालतो. घाटमाथ्यावर तो आडवा येतो, दाराच्या फटीतून आणि खिडकीच्या चौकटीखालून आत येतो, आणि सलग आठ-दहा दिवस थांबत नाही.

एवढ्या पावसाच्या गावात पाण्याला काय तोटा, हा समज सगळ्यात महाग पडतो. इथला खडक बेसाल्ट. वर हात-दोन हात माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा मऊ खडक, मग काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. पाषाणात भेगा असतील तेवढंच. उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ, म्हणून पडलेल्या पाण्यातलं बरंचसं ओढ्यानाल्यांतून वाहून खाली जातं. धरणं याच भागात आहेत, पण अप्पर वैतरणाचं पाणी मुंबईला जातं आणि दारणा-मुकण्याचं खाली गोदावरीच्या खोऱ्यात. पावसाळ्यात जिथे चिखलातून चालता येत नाही, त्याच वाडीवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बायका बसलेल्या असतात.

घरमालकाला “पाणी आहे का?” विचारलं, तर “भरपूर आहे” हेच उत्तर येतं. तो फसवत नसतो. त्याच्या घरात हंडे भरायला चार माणसं असतात, त्याला खरंच पुरतं. म्हणून प्रश्न बदलायचा. गेल्या मेमध्ये नळ किती दिवसांआड आला? आला की किती वेळ टिकला? दिवसा आला की रात्री? आणि हे मालकाला विचारायच्या आधी हातपंपावरच्या बायकांना विचारायचं. पेठमध्ये सकाळी साडेसहाला हंड्यांची रांग लागली होती. एका मावशींना विचारलं, “मावशी, या आळीला नळ येतो ना?” त्या म्हणाल्या, “येतो ना. खालच्या आळीचं भरून झालं की येतो.” या एका वाक्यात सगळं होतं: ते घर नळाच्या लायनीच्या शेवटी होतं आणि चढावर होतं. गावाचा जलकुंभ कुठे आहे, आपलं घर त्याच्या वर की खाली, आणि लायनीवर सुरुवातीला की टोकाला, हे चालत जाऊन बघावं. मेमध्ये दाब कमी पडतो, त्यात लोक नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात, आणि टोकाच्या घराच्या नळातून नुसती हवा येते.

पाणी मोजायची आमची रीत साधी आहे. १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. बादली एका मिनिटात भरली तर तासाला ९०० लिटर. नळ पाऊण तास राहिला तर ६७५. तिसऱ्या दिवशी येत असेल तर दिवसाला २२५ लिटर पडले. दोन माणसांना अंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून माणशी १०० लिटर लागतात, म्हणजे जेमतेम भागलं. तीच बादली भरायला तीन मिनिटं लागली, तर दोघांत दिवसाला ७५ लिटर उरतात आणि टँकर ठरलेला. साठवणही याच हिशोबाने ठरते: रोजची गरज गुणिले मेमधला सगळ्यात लांब खंड. सहा दिवसांचा खंड असेल तर १,२०० लिटर, म्हणजे व्यवहारात २,००० ची टाकी. ती जमिनीलगत हवी. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी मेमधल्या दाबाने पाणी तिथवर चढत नाही. खालच्या टाकीत भरून घ्यायचं आणि अर्ध्या एचपीच्या मोटारीने वर चढवायचं, हीच पद्धत चालते. टँकर लागणारच असेल तर तो किती लिटरचा, एका फेरीचे किती घेतो आणि घराच्या दारापर्यंत येतो का, हे तिन्ही लिहून घ्यावं. पन्नास फुटांचा पाइप लावूनही टाकीपर्यंत पोचत नसेल, तर घर कितीही स्वस्त असो, ते सोडून द्यावं.

विहीर असेल तर मेमध्ये टॉर्च घेऊन आत डोकवावं. कडेला पाण्याच्या उतरत्या रेघा दिसतात. जानेवारीतली रेघ आणि आजचं पाणी यांत किती अंतर पडलं, ते शेजाऱ्याला परसात विचारलं की बरोबर सांगतात. पाण्याच्या चवीची इथे काळजी नको. प्रश्न क्षारांचा नाही, गाळाचा आणि जंतूंचा आहे. पहिल्या पावसात नळाला चहासारखं पाणी येतं आणि जून-जुलै हे काविळीचे आणि जुलाबाचे महिने. आरओ यंत्र इथे घेऊ नये. ते निम्म्याहून जास्त पाणी फेकतं आणि वीज गेली की बंद. तुरटी फिरवून निवळलेलं पाणी कापडातून गाळून उकळलं की पुरे.

आता जुलैची फेरी. रेनकोट, सुती कापड, टॉर्च, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचा तुकडा एवढं सोबत घ्यावं. घरात शिरल्यावर आधी पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत शोधावी. वारा तिकडून येतो, म्हणून घराचं दुखणं तिथेच असतं. इगतपुरीत एक घर पाहिलं, आतून नुकतंच रंगवलेलं, रंगाचा वास अजून जात नव्हता. पश्चिमेच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. ते खिळ्यावरून काढलं तर मागचा चौकोन भोवतालच्या भिंतीपेक्षा गडद, आणि बोट टेकवलं तर रंगाचा पापुद्रा ओल्या पापडासारखा बोटालाच आला. खाली गिलावा भुसभुशीत, त्यावर पांढरा खार फुललेला. कॅलेंडर, आरसा, कपाटाची पाठ, पलंगामागची भिंत: या चार जागा रंगाऱ्याचा हात न पोचणाऱ्या. तिथे बघितल्याशिवाय भिंतीवर विश्वास ठेवू नये.

ओल बाहेरून येते की आतल्या दमट हवेची बसते, हे ओळखता येतं. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला आले तर ते हवेतलं, खिडक्या उघडून आणि चूल-शेगडीची ऊब देऊन आटोक्यात राहतं. भिंतीतून येणाऱ्या पाण्यावर आतून रंग लावून काही होत नाही. बाहेरून गिलावा करावा लागतो किंवा त्या भिंतीला पत्र्याचं आवरण द्यावं लागतं. घाटमाथ्यावर जुन्या घरांच्या पश्चिमेला उभे पत्रे ठोकलेले दिसतात. दिसायला बरं नसलं तरी ते घर सांभाळलेलं आहे याची ती खूण. स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा टाकलेला असेल तर तीही चांगली खूण. सपाट स्लॅब इथल्या पावसात दोन-तीन वर्षांत पाझरायला लागतो आणि डांबराचं आवरण पुरत नाही.

कौलारू घर उबदार आणि मेमध्ये थंड, पण ते दरवर्षी शाकारावं लागतं. माकडं कौलं सरकवतात, फुटलेलं एक कौल वासा कुजवतं, आणि कुजलेला वासा बदलायला आढ्यापर्यंत उकलावं लागतं. आत उभं राहून दिवसा वर बघावं. कौलांतून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढ्या गळत्या मोजून ठेवाव्या. शाकारणी कोण करणार, कौलं कुणाच्या पैशाने, आणि ते मेच्या आत होणार का, हे तोंडी न ठेवता करारात घालावं. पागोळ्या भिंतीपासून किमान दोन फूट लांब पडायला हव्यात आणि जोतं दोन-अडीच फूट उंच हवं. जोतं कमी असलेल्या घरात पाणी आत आलं नाही तरी ओल भिंतीने गुडघाभर चढते आणि फडताळातलं धान्य आधी खराब होतं.

जुलैतच संडासात दोन बादल्या पाणी ओतून बघावं. मेमध्ये उत्तम चालणारा शोषखड्डा भर पावसात भोवतालच्या पाण्याने भरतो, आणि मग आपण ओतलेलं पाणी जायला जागा उरत नाही. पाणी भांड्यात चढून हळूहळू उतरत असेल तर ते घर चार महिने वापरता येणार नाही. मालक म्हणतो, “पाऊस थांबला की नीट होतं.” होतंच, ऑक्टोबरात.

घराच्या मागे डोंगर कापून जागा केली असेल, तर मागे जाऊन तो काप बघावा. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही जुलैतल्या सततच्या पावसात, डोंगर सुटून. झाडांची खोडं एकाच दिशेला झुकलेली, दगडी बांध पोटाकडून फुगलेला, जमिनीत लांब आडवी भेग, पूर्वी नव्हता तिथे नवा झरा किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, यातलं एक जरी दिसलं तरी तिथे राहू नये. उताराच्या पायथ्याशी टेकलेल्या घरापेक्षा सोंडेवरचं घर बरं; वारा जास्त लागतो, पण वरून काही येत नाही.

विजेबद्दल लोक “जाते अधूनमधून” म्हणतात. त्याचा अर्थ महावितरणच्या बिलावर बघता येत नाही, मुक्काम करून कळतो. जुलैत झाड तारेवर पडलं की दुरुस्ती उजाडल्यावरच होते, कारण रात्री झडीत खांबावर चढता येत नाही. म्हणजे अठरा-वीस तासांचा खंड धरून चालावं. बिल मात्र जरूर मागावं. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. सगळे महिने सारखेच युनिट दिसले तर रीडिंग न घेता सरासरीने बिल येतंय आणि थकबाकी नव्या भाडेकरूच्या काळात उगवते. घर गावठाणाच्या फीडरवर आहे की शेतीच्या, हेही विचारावं. गावाबाहेरच्या शेतघराला शेतीच्या वेळापत्रकाची वीज मिळते, आणि ती राहत्या घराला उपयोगाची नाही.

इन्व्हर्टरचा हिशोब असा: १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, त्यातले वापरता येणारे साधारण १,२००. दोन पंखे १५० वॅट, चार दिवे ३६, इंटरनेटचा राउटर १०. सहा तास चालतं. पंखे बंद ठेवले तर चोवीस तासांच्या पुढे जातं, आणि पावसाळ्यात पंख्याची गरज नसते. सौर पॅनेलच्या भरवशावर कुणी असेल, तर जून ते सप्टेंबर ढगाखाली त्यातून फार थोडी वीज मिळते. नेमकं त्याच महिन्यांत ते हवं असतं.

मोबाइलची रेंज अंगणात बघून उपयोग नाही. स्वयंपाकघरात आणि निजायच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून बघावी. आणि वीज गेल्यावर चार तासांनी पुन्हा बघावी. टॉवरची बॅटरी संपली की गावभर नेटवर्क जातं, त्याबरोबर दुकानातला क्यूआर कोडही. आठवडाभराचे रोख पैसे घरात हवेत, कारण एटीएमचीही तीच गत.

दवाखान्यासाठी पाटी बघून थांबू नये. ग्रामीण रुग्णालयात जाऊन परिचारिकेला नीट, अदबीने चार गोष्टी विचाराव्या: डॉक्टर मुक्कामी असतात का, एक्स-रे आज चालू आहे का, १०८ ची गाडी गावात उभी असते की बाहेरून येते, आणि सर्पदंशाच्या लशीच्या कुप्या किती आहेत. शेवटचा प्रश्न भातशेतीच्या गावात सगळ्यात महत्त्वाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते, पण सुरुवातीचा डोसच ८ ते १० कुप्यांचा असतो. “आहे” म्हणजे दोन कुप्या असतील तर ते नसल्यासारखंच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दिसतही नाही, म्हणून मच्छरदाणी आणि पलंग हे या भागात घराच्या किमतीत धरावे. साठीच्या पुढचं माणूस घरात असेल तर हृदयविकार आणि डायलिसिस यांसाठी नाशिकच, आणि मग रात्री दोनला भर पावसात घाट उतरायला-चढायला किती वेळ लागतो हा प्रश्न खरा होतो. पेठच्या वाटेवर सावळघाट आणि कोटंबी घाट आहेत, जव्हारच्या वाटेवर त्र्यंबकच्या पुढे आंबोली आणि तोरंगण. धुक्यात दहा फुटांपुढचं दिसत नाही तेव्हा एकदा स्वतः जाऊन बघितल्याशिवाय याचा अंदाज येत नाही. इगतपुरीला चौपदरी महामार्ग असल्याने हा प्रश्न तिथे सौम्य आहे.

एसटीचं वेळापत्रक स्थानकावरच्या फलकावरून घेऊ नये, कंट्रोलरकडून घ्यावं. मुक्कामी गाडी कोणती आणि पहाटे किती वाजता निघते, नाशिकहून परतीची शेवटची कोणती, आणि शाळांच्या सुट्टीत कोणत्या फेऱ्या बंद होतात, हे विचारावं. डोंगरातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी चालतात आणि मेमध्ये थांबतात. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास असल्यामुळे फेरी असेल तर एसटीच सगळ्यात स्वस्त. नसेल तर काळीपिवळी, जी भरल्याशिवाय हलत नाही.

घर विकत घ्यायचा विचार निदान पहिली दोन वर्षं मनात आणू नये, आणि इथे त्याचं कारण फक्त सावधगिरी नाही. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि जव्हार-मोखाडाही १९८५ च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूचीही बरीच गावं त्यात येतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिच्याआधी शासनाची मान्यता लागते. स्टॅम्प पेपरवर लिहून, नोटरी करून “ताबा घ्या, नाव नंतर लावू” असं सांगणारे मध्यस्थ भेटतात. ते कागद कायद्यापुढे टिकत नाहीत, आणि टिकू नयेत. ज्या समाजाच्या जमिनी अशाच कागदांनी गेल्या त्यांच्यासाठीच हा कायदा आहे. शिवाय शेतजमीन घ्यायला मुळात खरेदीदार शेतकरी असावा लागतो. सातबारा मागवून त्यावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा आदिवासी खातेदार अशी नोंद दिसली, की तिथेच थांबावं. भाड्याच्या घराचाही सातबारा किंवा मिळकत उतारा बघावा. भाडं घेणारा खरा मालक आहे एवढं तरी कळतं.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला की नोंदणी नको, हे सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. खर्च थोडा आहे. महिना ६,००० भाडं आणि २०,००० अनामत धरली, तर ११ महिन्यांचं भाडं ६६,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज साधारण १,८००, आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्क. दोनशे रुपयांच्या आतलं काम. वर नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. हा कागद पुढे गॅसची जोडणी हलवायला, बँकेत पत्ता बदलायला आणि पोलीस पडताळणीला लागतोच.

भाडं कमी असलं म्हणजे गाव स्वस्त, असं होत नाही. महिन्यातून चार वेळा नाशिकला यावं लागणार असेल, तर इगतपुरीहून जाऊन-येऊन ९० किलोमीटर, चारदा ३६०. जव्हारहून साधारण १६० आणि ६४०. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं, तर इगतपुरीचे सुमारे २,४०० आणि जव्हारचे ४,२००. म्हणजे जव्हारचं भाडं निदान १,८०० रुपयांनी कमी असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. यात टँकर, वर्षाची शाकारणी आणि पावसाळ्यात खराब होणारं धान्य-कपडे मिळवावे. डाळी-कडधान्यं चार महिन्यांची एकदम भरायची नाशिकची सवय इथे मोडावी लागते. दर पंधरा दिवसांनी लागेल तेवढंच आणावं, आणि मीठ-मसाले घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे.

चार गावांबद्दल आमचं मत असं झालं. इगतपुरीला रेल्वे आहे, महामार्ग आहे, जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही पूर्ण चालू झाला. याच सोयीमुळे मुंबईकरांचं दुसरं घर तिथे होतं आणि भाडी त्या हिशोबाने मागितली जातात. स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना न आवडणाऱ्या गल्ल्यांत, अजून परवडणारं मिळतं. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून २८ किलोमीटर, सगळ्यात जवळ. पण तिथे खोलीला दिवसाचं भाडं मिळतं, त्यामुळे महिन्याच्या भाड्याने द्यायला मालक नाखूश असतो. श्रावणातली प्रदक्षिणा, पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा आणि आता २०२७ चा सिंहस्थ लक्षात घेता, करारात मुदतीआधी घर सोडायला लावणार नाही हे कलम हवंच. गोदावरीचं पात्र गावात झाकलेलं आहे आणि जोराच्या पावसात पाणी बाजारपेठेतून वाहतं, तेव्हा तळमजल्याचं घर घेऊ नये. जव्हारला जुन्या संस्थानाचं गाव असल्याचा फायदा आहे. नगरपालिका १९१८ पासून, बाजारपेठ भरलेली, मोठं सरकारी रुग्णालय गावात. पण ते पालघर जिल्ह्यात, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतली कामं नाशिकला होत नाहीत.

आम्हाला पेठ पटलं. पाणी हा तिथला कच्चा दुवा आहे, बाकी माणसं, हवा आणि भाडं यांत तक्रार नाही. तिथे रिकाम्या घरावर पाटी लागत नाही. भाडेकरू बहुतेक शिक्षक, तलाठी, परिचारिका, आणि त्यांच्या बदल्या मे-जूनमध्ये होतात. त्या आठवड्यांत किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर आणि शाळेच्या शिपायाकडे चौकशी केली की चार दिवसांत तीन घरं कळतात. दलालाची गरज पडत नाही.

करार करायच्या आधी एक महिना राहून बघावं, तोही जुलैचा. मालकाला एका महिन्याचं भाडं जास्त देऊन हे जमतं. सोबत दोन जोडी कपडे जास्त, एक जाड चादर आणि दोरी न्यावी. पडवीत दहा-बारा फूट दोरी बांधायला आडोशाची जागा नसेल तर कपडे महिनाभर वाळत नाहीत, आणि वास घरभर बसतो. त्या महिन्यात शेजाऱ्यांकडे नागलीची भाकरी खाणं होतं, आवणीच्या चिखलात जरा हात घातला जातो, आणि आपण इथे नकोसे नाही ना, हेही कळतं. ते कुठल्याच कागदावर नसतं.

सामान हलवायचं ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. भिंती वाळलेल्या असतात, घाट मोकळा असतो, शोषखड्डा उतरलेला असतो. मोठा ट्रक न करता छोटा टेम्पो दोन फेऱ्यांनी न्यावा, कारण गावातल्या बोळात ट्रक वळत नाही आणि कपाट शंभर पावलं खांद्यावर न्यावं लागतं. आधी फक्त टाकी, मोटार आणि पाइप न्यावे. टाकी बसवून, भरून, रात्रभर गळत नाही हे बघून मग दुसरी फेरी.